जुनी गाणी, नवे गळे आणि रसिकांचे देणे

१९४९ साली ‘महल’ हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्यातील सर्वांत गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिकेचे नाव नव्हते. ‘कामिनी’ एवढेच तेथे छापलेले होते. म्हणजे मधुबालेने पडद्यावर रंगविलेल्या पात्राचे नाव गायिकेच्या जागी घालण्यात आले होते. गीत रेडिओवरून वाजू लागताच हा आवाज कोणाचा अशी पृच्छा करणारी पत्रे येऊ लागली, रेडिओने ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडे चौकशी केली आणि मग लता मंगेशकर हे नाव श्रोत्यांना सांगण्यात आले, अशी हकीकत आहे. चित्रपटसंगीतात पार्श्वगायकाला नाव मिळाले त्याचे श्रेय जसे गायकांच्या आग्रहाला द्यावे लागते, तसे ते या अनाम पत्रलेखकांनाही द्यावे लागते. त्यांनी नुसत्या माना डोलावल्या नाहीत. चार ओळी लिहून टपालात टाकण्याची तसदी घेतली.

हे आठवण्याचे कारण असे की, श्रोता आणि गायक यांच्यामध्ये आज टपाल उरलेले नाही, ध्वनिमुद्रिका कंपनी उरलेली नाही आणि रेडिओचा निवेदकही उरलेला नाही. एखाद्या तालुक्याच्या गावी राहणारी तरुणी घरातल्या खोलीत, खरखर नको म्हणून पंखा बंद करून, गिटार अथवा पेटी घेऊन ‘महल’मधील तेच गीत गाते, मोबाइलवर त्याची चित्रफीत घेते आणि ती यूट्यूबवर ठेवते. तिच्यामागे निर्माता नाही, वाद्यवृंद नाही, घराण्याचे वलय नाही. तरीही दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्या गाण्याखाली नाशिकपासून न्यू जर्सीपर्यंतच्या माणसांचे अभिप्राय जमा होतात. कोणाला स्वयंपाकघरात गुणगुणणारी आई आठवते, कोणाला चाळीतला रेडिओ आठवतो. सकाळी साडेसात वाजता रेडिओ सिलोनवर जुन्या चित्रपटांची गाणी लागत आणि शेवटचे गाणे सैगलचे असे, हे ज्यांच्या घड्याळाचा भाग होते त्या पिढीला तर हे नवे माध्यम वरदानच वाटते. या कौतुकात खोटे काही नाही. २०२० साली टाळेबंदीत नाट्यगृहे बंद पडली तेव्हा अनेक घरांना अशाच गाण्यांनी सोबत केली, हेही विसरण्याजोगे नाही.

परंतु हे कौतुक कोणत्या शब्दांत केले जाते ते जरा जवळून पाहावे. त्यात दोन वाक्ये पुन:पुन्हा आढळतात. एक असे की, डोळे मिटून ऐकले तर थेट लताबाईच गात आहेत असे वाटते. दुसरे असे की, असा गोडवा हल्लीच्या गाण्यांत राहिलेला नाही. दोन्ही वाक्ये प्रेमाने लिहिलेली असतात आणि दोन्ही त्या गायिकेवर अन्याय करतात. पहिल्याने तिचा आवाज तिच्याकडून काढून घेतला जातो, आणि दुसऱ्याने तिचे उद्याचे गाणे. शिवाय ज्यांनी ती चाल बांधली त्या खेमचंद प्रकाशांचे आणि ज्यांनी ते शब्द लिहिले त्या नक्शब जारचवींचे नाव शेकडो अभिप्रायांत एखाद्याच्या लेखणीतून उतरले तर उतरते. खेमचंद प्रकाश तर चित्रपट प्रदर्शित झाल्यावर वर्षभरही जगले नाहीत. १९५० च्या ऑगस्टमध्ये ते वारले. ज्या गीताने एका गायिकेचे युग सुरू झाले त्याचा कर्ता त्या युगाच्या उंबरठ्यावरच थांबला.

जुनी गाणी नव्या गळ्यांनी गाण्याच्या या प्रकाराला नाके मुरडणारा एक वर्ग आहे. त्याच्या मते हा शिळ्या कढीला ऊत आणण्याचा उद्योग होय. मूळ ध्वनिमुद्रण हाताशी असता त्याची उसनी आवृत्ती कशाला ऐकावी, असा त्याचा प्रश्न असतो. प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो. पण त्यातील ‘मूळ’ हा शब्दच तपासून घ्यावयास हवा. एका गाण्याचा एकच खरा आवाज असतो, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. ती तबकडीबरोबर आली. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे फ्रेडरिक गाइसबर्ग यांनी ध्वनिमुद्रित केले, आणि सुमारे तीन मिनिटांच्या त्या गायनाच्या शेवटी गौहरजान यांनी इंग्रजीत आपले नाव उच्चारून ठेवले. कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि तेथल्या कारागिरांना हा आवाज कोणाचा हे कळणे आवश्यक होते. तेव्हापासून गाणे हे एका क्षणी, एका गळ्यातून निघून कायमचे गोठलेले असे काही असू शकते, ही जाणीव रुजली. त्यापूर्वी आणि मैफलीत त्यानंतरही, चीज ही गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. ती जो गाईल त्याची होत राहिली. सदारंगाची बंदिश उसनी घेतली म्हणून कोणी कोणास बोल लावला नाही.

नाट्यसंगीताची गोष्ट याहून बोलकी आहे. ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले ते १९१६ साली; भास्करबुवा बखल्यांनी त्यातील पदांच्या चाली रागदारीतील चिजांवर बेतल्या आणि बालगंधर्वांनी त्यांना जे रूप दिले तेच पुढे मराठी माणसाने ‘मूळ’ मानले. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो ते स्वतःच एक रूपांतर होते. बालगंधर्वांनंतर ती पदे गाणाऱ्यांत दोन जाती झाल्या. एक, त्यांचा लगाव, त्यांची लाडिक फेक, त्यांचा श्वाससुद्धा उचलणाऱ्यांची. दुसऱ्या जातीत कुमार गंधर्व येतात. १९६५ साली त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. ‘उमजलेले’ या एका शब्दात त्यांनी आपली भूमिका सांगून टाकली होती. त्यांना बालगंधर्व उभे करावयाचे नव्हते. बालगंधर्वांत त्यांना काय दिसले ते सांगावयाचे होते. तो कार्यक्रम ऐकून काही जुने रसिक बिथरले असतील तर नवल नाही. पण बालगंधर्वांच्या गायकीवर विचार करणाऱ्याला आजही त्या कार्यक्रमाला वळसा घालून जाता येत नाही. हुबेहूब नक्कल करणाऱ्यांपैकी किती नावे आज आठवतात?

‘गीतरामायणा’चे उदाहरण तर आणखी गमतीचे आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ते वर्षभर प्रसारित झाले आणि त्यातील छप्पन्न गीते माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, सुरेश हळदणकर, राम फाटक, लता मंगेशकर अशा अनेकांच्या गळ्यांतून श्रोत्यांनी ऐकली. पुढे सुधीर फडक्यांनी सर्व गीते एकट्याने गावोगाव गायिली आणि आज महाराष्ट्राच्या कानात ‘गीतरामायण’ म्हणजे बाबूजींचाच आवाज बसला आहे. ‘मूळ तेच खरे’ हा आग्रह काटेकोरपणे चालवावयाचा तर खुद्द संगीतकाराच्या तोंडची कित्येक गीते ‘नंतरची आवृत्ती’ ठरवावी लागतील. तसे कोणी म्हणत नाही, म्हणू नये.

तेव्हा जुने गाणे पुन्हा गाणे यात कमीपणा नाही. एवढेच नव्हे, तर आरंभी नक्कल करण्यातही नाही. मुकेश यांनी १९४५ च्या ‘पहली नज़र’मध्ये अनिल विश्वास यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली गायिलेले गीत इतके सैगलच्या वळणाचे आहे की, आजही नवखा श्रोता फसतो. किशोरकुमार यांनी १९४८ च्या ‘ज़िद्दी’मध्ये जे पहिले गीत गायिले तेही सैगलच्या छायेतले, आणि योगायोग असा की, त्याचे संगीतकारही खेमचंद प्रकाशच. दोघेही त्या छायेत राहिले नाहीत. मुकेश यांना राज कपूर यांच्या चित्रपटांत स्वतःचा साधा, किंचित भेगाळलेला स्वर सापडला. किशोरकुमार यांना सैगलची नक्कल सोडून स्वतःचे काही घडव असे सचिनदेव बर्मन यांनी सांगितल्याची आठवण सांगतात. मुद्दा असा की, त्यांना हे सांगणारे कोणी तरी होते, आणि सोडण्याजोगी नक्कल सोडल्यावर ऐकणारे श्रोतेही होते.

२०१९ साली बंगालमधील राणाघाट रेल्वे स्थानकावर एक स्त्री ‘शोर’ या १९७२ च्या चित्रपटातील लता-मुकेश यांचे गीत गात असल्याची चित्रफीत देशभर पसरली. काही आठवड्यांतच तिला मुंबईत ध्वनिमुद्रणासाठी बोलावले गेले. त्या वेळी लता मंगेशकर यांना विचारले असता त्यांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा होता की, आपल्या नावाने कोणाचे भले होत असेल तर आनंदच आहे, परंतु नक्कल ही टिकाऊ सोबत नव्हे; गायकाने जुनी गाणी जरूर गावीत, पण काही काळाने स्वतःचे गाणे शोधावे. त्यांनी उदाहरण दिले ते आशा भोसले यांचे. या बोलण्यावर मोठा गहजब झाला. एवढ्या थोर गायिकेने एका गरीब बाईविषयी इतके कठोर बोलावे का, असे म्हटले गेले. वास्तविक लताबाईंचे म्हणणे बरोबर होते. चूक एवढीच झाली की, जे श्रोत्यांना ऐकवावयाचे ते गायिकेला ऐकविले गेले. त्या स्त्रीने काही आपण लता आहोत असा दावा केला नव्हता. ती उपमा तिच्या गळ्यात घातली ती चित्रफीत फिरविणाऱ्यांनी आणि पाहणाऱ्यांनी, आणि हौस भागल्यावर त्याच लोकांनी तिच्या कपड्यांची व रंगभूषेची टिंगल करून तिला सोडून दिले. तिच्या आवाजात तिचे स्वतःचे असे काय आहे, हा प्रश्न त्या साऱ्या कोलाहलात कोणी विचारला असेल तर तो ऐकू आला नाही.

आता पैशाची बाजू. मराठी रसिकाला कलेच्या संदर्भात पैशाचा विषय काढलेला आवडत नाही आणि फुकट पासावरील त्याचे प्रेम तर पुरातन आहे. पण गाणाऱ्याचे घर टाळ्यांवर चालत नाही.

दुसऱ्याचे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याची मुभा आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पूर्वीपासून होती. मूळ मुद्रणानंतर दोन वर्षे लोटली, हक्कधारकाला रीतसर कळविले आणि ठरलेले स्वामित्वधन भरले की नवे मुद्रण काढता येई. १९८० च्या दशकात कॅसेट आली आणि या तरतुदीला अनपेक्षित पालवी फुटली. गुलशनकुमार यांच्या टी-सीरिजने रफी, मुकेश, किशोर यांची गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली व त्या कॅसेट स्वस्तात देशभर पोहोचविल्या. सोनू निगम यांच्यासारखा गायक त्या ‘रफी की यादें’मधूनच प्रथम लोकांना ठाऊक झाला. त्या व्यवहारावर टीका झाली आणि बरीचशी रास्तही होती. कारण वेष्टनावर मूळ गायकाचे नाव ठळक आणि गाणाऱ्याचे बारीक, अशी फसवणूक सर्रास चालत असे. २०१२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. चित्रपटासाठी लिहिणारे गीतकार व चाली देणारे संगीतकार यांचा स्वामित्वधनातील समान वाटा काढून घेता येणार नाही, असा नियम आला. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत केलेला आग्रह सर्वश्रुत आहे. त्याच दुरुस्तीने कव्हर व्हर्शनसाठी ३१-सी हे स्वतंत्र कलम घातले. मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे, हे मुद्रण कव्हर व्हर्शन असल्याचे वेष्टनावर लिहावे, मूळ गायकाचे वा चित्रपटाचे नाव त्यावर घालू नये आणि दर वर्षी प्रत्येक कृतीसाठी निदान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन आगाऊ भरावे, अशा त्याच्या अटी आहेत.

अटींमागील हेतू चांगला होता. ज्यांच्या गाण्यांवर दुसऱ्यांनी कारखाने उभारले त्या कवी-संगीतकारांचे रक्षण व्हावे, हा तो हेतू. पण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कॅसेटचा कारखानदार होता. पंखा बंद करून मोबाइलसमोर बसलेली मुलगी नव्हती. तिचे गाणे दोन हजार लोक ऐकणार आणि तिने पन्नास हजार प्रतींचा हिशेब आगाऊ चुकता करावयाचा! पुन्हा कलम बोलते ते केवळ ध्वनिमुद्रणाविषयी. गाण्याला चित्र जोडले की प्रश्न निराळा होतो. मूळ गायकाचे नाव वापरू नये असे कायदा म्हणतो आणि ते नाव शीर्षकात घातल्यावाचून यूट्यूबच्या शोधात तिचे गाणे कोणाला सापडत नाही. एखाद्या भाषेतील संभाव्य खप लक्षात घेऊन ही किमान संख्या कमी करण्याचा अधिकार कलमाने कॉपीराइट मंडळाला दिला होता. मराठीसारख्या भाषेसाठी ही तरतूद मोलाची. परंतु ते मंडळ २०१७ साली बौद्धिक संपदेच्या अपील मंडळात विलीन झाले, २०२१ साली अपील मंडळही मोडीत निघाले आणि त्याची कामे न्यायालयांकडे गेली. गाण्यामागे चार पैसे भरण्याची इच्छा असलेल्या गायिकेने त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी, ही अपेक्षा कोणत्या शहाण्याने करावी?

व्यवहारात म्हणून निराळेच घडते. यूट्यूबपाशी गाणी ओळखणारी एक यंत्रणा आहे. तिने चाल ओळखली आणि हक्कधारक कंपनीने दावा लावला की त्या चित्रफितीवरील जाहिरातींचे उत्पन्न कंपनीकडे वळते. तसेही जाहिरातीचा वाटा मिळू लागण्यासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण, अशी अट २०१८ पासून आहेच. म्हणजे गाणारीने गावे, ऐकणाऱ्याने फुकट ऐकावे आणि मिळालेच तर कंपनीला मिळावे, अशी ही वाटणी. त्यातील कवीचा आणि संगीतकाराचा वाटा त्यांच्या वारसांपर्यंत पोहोचतो की नाही, हे त्या गायिकेला कळण्याचा मार्ग नाही. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत राहील. सुधीर फडके २००२ साली गेले, त्यांच्या चालींवरील हक्क २०६२ अखेरपर्यंत. हे हक्क असलेच पाहिजेत. ते मान्य करून एकट्या गायकाला परवडेल अशी, गाण्यागणिक थोडी रक्कम भरून एका खिडकीवर मिळणारी परवानगी असावी, एवढीच मागणी आहे आणि ती हक्कधारकांच्याही हिताची आहे. आज जे बुडते आहे त्यातले काही तरी त्यांच्या हाती लागेल.

हा प्रश्न फक्त आपल्यापुढचा नाही. अमेरिकेत तो यांत्रिक पियानोच्या छिद्रांकित कागदी गुंडाळ्यांपासून सुरू झाला. अशी गुंडाळी म्हणजे मूळ स्वरलेखनाची प्रत नव्हे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली दिला. संगीतकार हवालदिल झाले आणि १९०९ च्या कायद्याने प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट देऊन कोणालाही प्रसिद्ध गाणे पुन्हा मुद्रित करण्याची वाट मोकळी करण्यात आली. तो दर वाढत वाढत २०२५ साली १२.७ सेंटवर आला. हिशेब प्रतीमागे आहे, पन्नास हजारांच्या ठोक्याने नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तरीही तेथील एकांडे गायक सुखात आहेत असे समजू नये. जॅक कॉन्टी आणि नॅटली डॉन यांची ‘पॉम्पलमूस’ ही जोडी २००८ पासून घरच्या घरी जुन्या-नव्या गाण्यांच्या चित्रफिती करीत आली. एदित पियाफ यांच्या काळातील फ्रेंच गीतेही त्यांनी आपल्या पद्धतीने गायिली. लाखो लोकांनी त्या पाहिल्या. २०१४ साली ही मंडळी दौऱ्यावर निघाली, २८ दिवसांत २४ कार्यक्रम केले, तिकिटे चांगली खपली आणि शेवटी हिशेब मांडला तेव्हा ११,८१९ डॉलरची खोट आली होती. कॉन्टी यांनी हा जमाखर्च उघड प्रसिद्ध केला, हे त्यांचे धैर्य. त्यांना तारले ते जाहिरातींनी नव्हे. जाहिरातींचे तुटपुंजे उत्पन्न पाहून आदल्याच वर्षी, २०१३ साली, त्यांनी एका मित्रासह ‘पेट्रिऑन’ ही व्यवस्था काढली होती. चाहत्यांनी आपखुशीने प्रत्येक चित्रफितीमागे किंवा दरमहा ठरावीक रक्कम थेट कलावंताला द्यावी, ही त्यामागील कल्पना. दौरा तोट्यात गेला त्या काळात त्यांच्या प्रत्येक चित्रफितीमागे चाहत्यांकडून सहा हजारांहून अधिक डॉलर येत होते, आणि देणारे लाखो नव्हते. हजार-बाराशे माणसांचा तो मेळ होता.

या कल्पनेत मराठी माणसाला परके असे काही नसावे. गावोगावच्या संगीत मंडळांनी आणि गायन समाजांनी वर्गणीच्या पावत्या फाडूनच मोठमोठे गवई आपल्या गावी आणले. गणेशोत्सवातील मेळे वर्गणीवर चालले. वर्गणी देणारा केवळ ऐकत नसे. पुढल्या वर्षी कोणाला बोलवावयाचे यावर तो भांडतही असे. इंटरनेटवरील श्रोत्याने मात्र वर्गणी सोडली आणि भांडण तेवढे ठेवले. दरमहा पन्नास रुपये म्हणजे आज कचेरीजवळच्या उपाहारगृहातील दोन-तीन चहा. ते थेट एखाद्या गायकाला देणारी दोनशे माणसे निघाली तरी त्याची पेटी जुळवून घेण्याचा, तबलजीच्या बिदागीचा आणि खोली थोडी आवाजबंद करून घेण्याचा खर्च सुटेल. ज्यांना तेवढेही जमत नाही त्या विद्यार्थ्यांकडून ते मागू नये. पण त्यांच्याकडून आणि सर्वांकडूनच आणखी एक गोष्ट मागता येईल, जिला पैसा पडत नाही.

जुन्या गाण्यांच्या चाहत्यांपाशी माहितीचे जे भांडार आहे ते पुष्कळदा विद्यापीठांतही सापडत नाही. तबकडीचा क्रमांक, ध्वनिमुद्रणाचे साल, बासरी कोणाची, व्हायोलिन कोणाचे, कोणते कडवे चित्रपटात गाळले गेले, हे बोटांवर सांगणारे निवृत्त कारकून आणि शिक्षक महाराष्ट्राच्या प्रत्येक गावात आहेत. त्यांनी ही विद्या केवळ एकमेकांना हरविण्यासाठी न वापरता प्रत्येक नव्या गाण्याखाली कवीचे, संगीतकाराचे आणि वादकांचे नाव लिहिण्याची शिस्त घालून घेतली, तर जे काम कंपन्यांनी केले नाही ते होईल. गाणारांनीही चित्रफितीच्या आरंभी ही नावे उच्चारावीत; गौहरजान यांनी स्वतःचे नाव सांगितले, त्यांच्या नातींनी दोन नावे अधिक सांगावीत. ‘महल’ची गोष्ट इथे पुन्हा घ्यावयास हरकत नाही. त्या तबकडीवरील ध्वनिमुद्रणाचा हक्क २००९ अखेर संपला आणि खेमचंद प्रकाशांच्या चालीवरचा २०१० अखेर. त्या चालीपुरते आता कोणाला काही द्यावे लागत नाही. राहिला आहे तो फक्त उल्लेख.

याहून अवघड आहे ते श्रोत्याच्या कानाचे वळण बदलणे. राहुल देशपांडे यांच्यासारख्या गायकाने यूट्यूबवर एखादे जुने हिंदी गीत आपल्या अंगाने, थोड्या निराळ्या जागा घेऊन गायिले, की ‘मूळ चालीशी खेळू नका’ असा उपदेश करणारे त्यांनाही भेटतातच. वसंतरावांचा नातू ते सहन करू शकतो. त्याच्यामागे आजोबांची पुण्याई आणि स्वतःची मैफल आहे. तालुक्याच्या गावातील ती तरुणी मात्र अशा दहा अभिप्रायांनी नमते. पुढच्या वेळी ती हरकत गाळते, श्वास तेथेच घेते जेथे तबकडीत घेतलेला आहे, आणि तिच्या गाण्याखालची वाहवा दुप्पट होते. मग एके दिवशी ती आपल्याच गावातील एखाद्या कवीची कविता घेऊन स्वतः लावलेली चाल गाते. त्या दिवशी कोणीही येत नाही. जुन्या गाण्याला वीस हजार, नव्या गाण्याला दोनशे, असा फरक पडला की ती मुकाट्याने पुन्हा १९५० कडे वळते. तिला तेथे कोंडून ठेवणारा कोणी कंपनीवाला नाही, सरकार नाही. ते काम तिचे चाहतेच करतात.

आकाशवाणीने १९५५ साली छप्पन्न नवी गीते लोकांपुढे ठेवली तेव्हा ऐकणाऱ्यांपाशी तुलनेसाठी जुने ‘गीतरामायण’ नव्हते. त्यांना आठवडाभर पुढच्या गीताची वाट पाहावी लागे आणि त्यांनी ती पाहिली. आज जुन्या गाण्यांवर जीव टाकणाऱ्या श्रोत्यांपैकी अनेक जण त्याच श्रोत्यांची मुले आणि नातवंडे आहेत. त्यांच्या आवडत्या गायिकेने पाच जुनी गाणी गायिल्यावर सहावे स्वतःचे गायिले, तर तेही पूर्ण ऐकावे, न आवडल्यास का आवडले नाही ते दोन ओळींत तिला कळवावे, आणि आवडल्यास ते कोणासारखे वाटले हे सांगण्याचे तेवढे टाळावे.